मामांचं लाकूड

घरच्या चुलीला सरपण कापायला मशीन लागते का, असं मला हल्ली बायका विचारतात. मी आधी उलटा प्रश्न करते. तुमच्या घरात फोडणारं माणूस आहे का? असेल तर नाही लागत. एक कुऱ्हाड, दोन लोखंडी पाचरी आणि रविवारची सकाळ, एवढ्यावर आमचं घर सत्तावीस वर्षं चाललं. आमचे मालक रविवारी चहा प्यायले की अंगणात जायचे आणि आठवड्याचं सरपण पाडून दहाच्या आत अंघोळीला यायचे. गॅस आहे घरात, नाही असं नाही. पण सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं म्हणजे महिन्याची टाकी वीस दिवसांत खडखडाट. आणि गॅसवरच्या भाकरीला मामा भाकरी म्हणतच नाहीत.

मामा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढं, नेमकं किती ते त्यांनाही माहीत नाही. मी गावातल्या अंगणवाडीची बाई. मुलगा पुण्यात कंपनीत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या भादव्यात मालक गेले आणि बीड जिल्ह्यात, तेलगावच्या अलीकडच्या आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि मामा.

मला रडू आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात त्याची लई चर्चा झाली. बायका यायच्या, गळ्यात पडायच्या, स्वतः रडायच्या आणि मग माझ्या तोंडाकडं बघायच्या. “रड गं बाई, मोकळी हो. आत धरून ठेवलं की अंगात भिनतं.” अरे, धरून ठेवायला आत काही असलं तर! काहीच नव्हतं. तेराव्याला मी जेवणाऱ्यांच्या पत्रावळी मोजत होते. पंधराव्या दिवशी अंगणवाडीत गेले, पोरांना खिचडी वाढली, हजेरी भरली. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. मामांनी खाल्ली, मीही खाल्ली, आणि ताटं घासताना माझ्या लक्षात आलं की ती आमटी तोंडात धरवत नव्हती.

आता लाकडाचं सांगायचं तर मामांच्या लाकडापासून सांगावं लागेल.

मामांनी स्वतःचं सरण घरात रचून ठेवलं होतं. गोठ्याच्या मागच्या भिंतीला बाभळीच्या ओंडक्यांची थप्पी, खाली दगड, वर पत्रा. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी सांगितलंच नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी त्या थप्पीवर धोतर पसरलं आणि पापड वाळत घातले. चुलत जाऊ आली, तिनं बघितलं आणि बोंब ठोकली, “अगं ए भवाने, ते मामाचं हाय! मेल्यावरचं!” मी घाईघाईनं पापड गोळा करायला लागले. मामा गोठ्यात शेण काढत होते. तिथूनच म्हणाले, “वाळू दी. लाकडाला काय कळतंय वर पापड हाय का माणूस.”

पुढं मला त्याचं काही वाटेनासं झालं. कोंबड्या तिथंच अंडी घालायच्या. मिरच्याही तिथंच वाळायच्या. दर दोन वर्षांनी मामा ओंडके खालीवर करायचे, वाळवी लागलेला चुलीला द्यायचे आणि त्याच्या जागी नवा ठेवायचे. हे खूळ कशापायी, ते मालकांनी मला एकदा सांगितलं होतं. मामांचे वडील झडीच्या पावसात गेले. घरात कोरडं लाकूड नव्हतं. मामा तेव्हा पंचविशीत. चार दारांत उभं राहून त्यांनी लाकूड मागितलं, कुणी ओलं दिलं, कुणी दिलंच नाही. चिता दोनदा विझली, तिसऱ्यांदा रॉकेल ओतून पेटवली. आपल्या वेळेला आपल्या पोराला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये, म्हणून मामांनी ती थप्पी रचली.

आणि मालक गेले तेही झडीच्याच पावसात. तीन दिवस उघडीप नव्हती. कापसात पाणी तुंबलं म्हणून ते बांध फोडायला गेले आणि खोरं हातात धरूनच खाली बसले. बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माघारी आणलं तेव्हा अंगणात माणसं जमली आणि हळू आवाजात लाकडाचं बोलायला लागली. सगळ्या गावाचं सरपण भिजलेलं. कुणी म्हणालं टायर टाकू. मामा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. ते उठले, म्हणाले, “माझं काढा.”

दोनच शब्द. पोरांनी थप्पी ट्रॅक्टरमध्ये भरली. आमच्याकडं बायका मसणवट्यात जात नाहीत. मी दारातून ट्रॅक्टर जाताना बघितला, वर ताडपत्री बांधलेली होती. संध्याकाळी गोठ्यात गेले तर भिंतीपाशी तेवढी जमीन कोरडी होती, बाकी सगळीकडं चिखल. त्या कोरड्या जागेकडं मी लई वेळ बघत राहिले आणि मला काहीही वाटलं नाही.

तो हिवाळा आम्ही तुराट्या आणि पऱ्हाट्यांवर काढला. तुरीच्या काड्या आणि कापसाची झाडं, दुसरं काय असतं शेतात! भडकन पेटतात, भडकन विझतात. सकाळी पाणी तापेपर्यंत चुलीपुढून उठता येत नाही. फोडायला माणूस बघावा तर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागं म्हातारी आणि शाळेची पोरं. शिवरात्रीपर्यंत पऱ्हाट्याही संपल्या. मामा थंड पाण्यानं अंघोळ करायला लागले, बोलले काही नाहीत. आम्ही तसंही बोलत नव्हतो. सकाळी “चहा”, दुपारी “वाढू का”, रात्री “कडी लावली का”. एवढ्यात दिवस भागायचा.

वैशाखात वादळ झालं आणि आमच्या बांधावरचा जुना लिंब मुळासकट आडवा झाला. लिंब म्हणजे कडुलिंब, दोघांच्या कवेत न मावणारा. फोनवर मुलाला सांगितलं तर त्याला आनंदच झाला. “आई, झाला की सरपणाचा प्रश्न! मी मशीन पाठवतो.” मी म्हटलं, “अरे, मशीन कोण चालवणार? तुझा आजा?” तो म्हणाला, “तू. पेट्रोलवर चालते, दोरी ओढायची की सुरू. पुण्यात बायका चालवतात.” पुण्यातल्या बायका काय काय चालवतात ते मला माहीत नाही. पण पोराला बापाच्या माघारी काहीतरी करायचं होतं, आणि त्याला करता येण्यासारखं तेवढंच होतं. मी बरं म्हटलं.

खोकं आलं. गावात बातमी. चुलत दीर येऊन बघून गेले. “वैनी, एवढ्याशा चुलीला एवढं धूड कावून? एका दिसाचं काम हाय, वखारीवरच्या माणसाला सांगितलं तर येऊन कापून जाईल.” म्हटलं, “मग सांगा की.” तर म्हणे, त्याला सध्या वेळ नाही. मग बोलता कशाला? जाऊ म्हणाली, “पदर अडकला तर मान जाईल, बया.” तिचं बरोबर होतं. मी मालकांची जुनी विजार आणि फुल बाह्यांचा सदरा घातला, कमरेला दोरी बांधली, डोक्याला घट्ट टॉवेल. मुलानं व्हिडिओ कॉलवर समोरासमोर शिकवलं: पेट्रोलमध्ये ऑइल किती, साखळीला तेल कुठून, दोन पाय कसे रोवायचे, टोकानं कधी कापायचं नाही. मी अंगणवाडीतल्या पोरासारखी सगळं वहीत लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा गेला. दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली. काय आवाज! बांधावरचे बगळे उडाले, रस्त्यानं जाणारी मोटारसायकल थांबली. मी मनगटाएवढ्या फांदीवर पातं टेकवलं आणि ते लोण्यातून गेल्यासारखं खाली गेलं. नंतर बराच वेळ हातांना मुंग्या येत होत्या. खरं सांगते, आठ महिन्यांत माझ्या अंगाला तेवढं एकच काहीतरी जाणवलं होतं, आणि तेही कोपरापर्यंतच.

मशीनचं म्हणाल तर ती कापते, फोडत नाही. हे दुकानदार सांगत नाहीत. ओंडक्याचे आडवे तुकडे होतात, पण जाड तुकडा तसाच चुलीत घातला तर नुसता धुमसतो. तो उभा फोडायला शेवटी कुऱ्हाड आणि पाचर लागतेच. म्हणजे ज्या घरात फोडणारं माणूस नाही त्या घराचं निम्मं काम मशीननं होतं आणि निम्मं तसंच राहतं. मी फांद्यांचेच वीतभर तुकडे करत सुटले, ते फोडावे लागत नाहीत. अंगणवाडी सुटली की बांधावर. आठ दिवसांत अंगणात ढीग झाला. मामांच्या अंघोळीला परत गरम पाणी मिळायला लागलं. ते अंघोळीला जास्त वेळ लावायला लागले.

मग उरला बुंधा.

त्या दिवशी मी मशीनमध्ये पेट्रोल ओतत होते आणि मामा काठी टेकत बांधावर आले. वरपासून खालपर्यंत त्यांनी बुंधा बघितला आणि म्हणाले, “ह्याला हात लावू नको. ह्यो ऱ्हाऊ दी.”

“कावून?”

“लागंल.”

मला कळलं. क्षणात कळलं आणि एवढा राग आला की मला माझंच नवल वाटलं. मी म्हटलं, “मामा, परत घरात सरण आणायचं न्हाई.”

“बाई, लाकूड हाय त्ये. कधीतरी लागतंच.”

“एकदा ठेवलं होतं ना? काय झालं? कोण गेलं त्यावर? तुमाला तुमचंच पडलंय. घरात सरण रचून ठेवलं म्हणून त्यानं माणूस मागितला. तुमच्या लाकडानं माझा माणूस नेला!”

बोलले मी असं. गावातल्या बायांना अंधश्रद्धेवर दर महिन्याला चार गोष्टी सांगणारी मी, मी हे बोलले. आणि नुसतं बोलले नाही, माझा त्यावर विश्वास होता. आठ महिने रोज गोठ्यात शेण काढताना त्या भिंतीकडं बघून माझ्या मनात हेच येत होतं. मामा उभे होते. त्यांची हनुवटी दोनदा हलली. मग वळले आणि काठी टेकत गेले. संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तीही नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी फक्त ठरवून टाकलं की बुंधा राहिला तर म्हातारा तो घरी आणणार, म्हणून बुंधाच ठेवायचा नाही. वीत वीत करून टाकायचा. मग आणू दे काय आणायचं ते.

सोमवारी शेजारची माणसं जीपनं कपिलधारला निघाली होती. मामांना म्हटलं, जाऊन या, देवाचं दर्शन होईल. ते गेले. जीप वळणाआड गेली आणि मी विजार चढवली.

बुंध्याच्या मध्यावरच पातं लावलं. चार बोटं आत गेलं असेल, आणि खाड्‌कन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, मशीन हातातून उसळली आणि साखळी तुटून सदऱ्याच्या बाहीला चाटून गेली. मी मागं पडले. इंजिन बंद झालं. बाही फाटली होती, हाताला नुसता ओरखडा. मी तशीच बसून राहिले. भीती वाटली नाही. बोटं मोजली, दहा होती, बरं म्हटलं. भीती वाटली नाही ह्याची भीती मला दोन दिवसांनी वाटली.

खाचेत बघितलं तर खिळा. चांगला चार इंची, गंजून लाकडात मुरलेला. आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, हा दाढेचा लिंब! आमच्या वस्तीवर दाढ दुखली की ह्याच झाडाला खिळा ठोकायची रीत होती. दुखऱ्या दाढेला खिळा लावायचा आणि लिंबात ठोकायचा, दुखणं झाडात जातं म्हणायचे. तीन पिढ्यांचे खिळे त्या बुंध्यात, सालीखाली गडप झालेले. आणि त्यातला एक माझा होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी अक्कलदाढ सुजली तेव्हा मालकांनीच मला इथं आणून ठोकला होता. शिकल्यासवरलेल्या बाईनं खिळाही ठोकून घेतला आणि त्याच झाडाला करवतही लावली. ह्याला म्हणतात अक्कलदाढ येऊन उपयोग नसणं.

संध्याकाळी मामा आले. मशीन ओसरीवर, साखळी तुटलेली, माझी बाही फाटलेली. त्यांनी सगळं बघितलं. बांधावर काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. पिशवीतून प्रसादाचे बत्तासे काढून माझ्या हातावर ठेवले आणि पाय धुवायला गेले.

सकाळी चहा पिताना म्हणाले, “नवी साखळी आन. खिळं मी दावतो. मला इचारलं आसतं तर तुटली नसती.”

मी तेलगावला गेले. दुकानदारानं विचारलं, “मालक कुठंयत? मशीन कोण वापरतं?” म्हटलं, “मीच वापरते आणि मीच मालक.” त्यानं साखळी दिली. जीपमध्ये बसून मी विचार करत होते की मामा नमले. म्हातारपणी माणूस नमतंच. बुंध्याचे तुकडे करायला स्वतः मदत करतो म्हणाले, म्हणजे झालं, विषय संपला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बांधावर. मामांनी पकड आणि हातोडी आणली होती. ते बुंध्याशेजारी उकिडवे बसले आणि अंगठ्यानं साल चाचपायला लागले. डोळ्यांना कमीच दिसतं त्यांना, पण अंगठा बरोबर थांबायचा. तिथली साल हातोडीनं उडवायची, खाली खिळ्याचं डोकं. काही निघायचे, काहींची डोकी तुटून हातात यायची. “ह्यो आमच्या आईचा,” म्हणाले एकदा. “ह्यो तुझ्या सासूचा. लई आरडली व्हती.” मी खिळे एका डब्यात टाकत होते. इतकं बोलणं आमच्यात भादव्यानंतर झालं नव्हतं.

बुडख्यापासून वीतभर अंतरावर त्यांनी गोल फिरून सगळे खिळे काढले आणि कोळशानं रेघ मारली. मग उठले, काठी टेकत पार वर गेले, जिथं फांद्या फुटतात तिथं. तिथं बसून परत तसंच. तिथंही रेघ मारली. मग पकड पिशवीत टाकली आणि धोतराला हात पुसले.

मी म्हटलं, “मधले?”

“मधले न्हाईत काढायचे.”

“मग तुकडे कसे करू? मामा, चुलीला—”

“चुलीला न्हाई.”

मी दोन रेघांकडं बघितलं. परत तेच. सगळी सकाळ मला खिळे गोळा करायला बसवून म्हातारा परत तिथंच आला होता. माझं डोकं सणकलं. मी बुंध्याच्या कडेनं हातानं मोजत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच हात! मी टोचायचं म्हणूनच बोलले, “मामा, साडेतीन हाताचं माणूस आसतं. तुमी तर वाकून तीनच हात उरलाव. पाच हात लाकूड कुणाला लागतंय?”

मामा बुंध्यावर बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, “त्याला आखूड पडलं व्हतं.”

“काय?”

“मी माझ्या मापानं ठिवलतं. त्यो माझ्यापेक्षा उंच. पाय भाईर ऱ्हायले.” मग थोडा वेळ ते बुंध्यावरची साल नखानं उचकटत राहिले. “पाऊस चालू व्हता. पायावर पाऊस पडत व्हता. तसं कसं ठिवायचं? मंग गुडघ्यातून दुमडले. मीच दुमडले. दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या पन्नास माणसांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. चुलत दिरांनी बघितलं होतं, पुण्याहून धावत आलेल्या माझ्या पोरानं बघितलं होतं, आणि एकानंही घरी येऊन सांगितलं नव्हतं. आठ महिने हा म्हातारा माझ्यासमोर बसून भाकरी खात होता आणि ते एकट्यानं घेऊन बसला होता. आणि त्याला मी म्हणाले होते, तुमच्या लाकडानं माझा माणूस नेला.

“आता कुनाला बी लागू दी,” मामा म्हणाले. “मला लागू दी, न्हाईतर आनखी कुनाला. पर आखूड नको. म्हून पाच हात धरलं.”

मी मशीन खाली ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. मी लिंबाच्या भुशात बसले आणि ओरडून रडले. नवरा मेल्यावर बाई जशी रडते तशी, आठ महिने उशिरा, मालकांचीच विजार घालून. रस्त्यावर माणसं थांबली असतील, थांबू देत. मला मालकांचे पाय दिसत होते. सत्तावीस वर्षं रोज बघितलेले पाय, रविवारी अंघोळीहून आल्यावर ओसरीवर ओले उमटायचे ते. आणि मला लई दुखत होतं, सगळीकडं दुखत होतं.

मामा उठले नाहीत, जवळही आले नाहीत. आमच्यात सासरा सुनेला हात लावत नाही. माझं जरा ओसरल्यावर ते म्हणाले, “रड. आजून रड. मिरगाला आठ दिस हायेत, लाकूड कापायला येळ हाय.”